भाडेकरूचा जबाबदारी विमा

वॉशिंग मशीनचा पाइप निसटतो आणि खालच्या मजल्यावरचे फर्निचर भिजते. खिडकीतली कुंडी वाटसरूच्या डोक्यात पडते. अशा वेळी घर मालकाचे असले, तरी निष्काळजीपणा भाडेकरूचा ठरल्यास भरपाईही त्यानेच द्यायची असते. तिऱ्हाईताला द्यावी लागणारी ही रक्कम आणि त्यासाठीचा कोर्टखर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत विमा कंपनी उचलते, तो सार्वजनिक जबाबदारी विमा.

मालकाने इमारतीचा विमा काढला आहे, एवढ्यावर अनेक भाडेकरू निर्धास्त राहतात. ही समजूत घातक आहे. तो विमा मालकाचे हित राखतो. भाडेकरूच्या चुकीने आग लागली, तर मालकाला भरपाई देऊन विमा कंपनी तीच रक्कम भाडेकरूकडे मागू शकते. लाखांच्या नुकसानीपुढे अनामत रक्कम कुठवर पुरणार?

भारतात १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी भाडेकरूलाही घरातल्या सामानासाठी घेता येते. मात्र तिचा रोख आग, पूर, भूकंप यांत होणाऱ्या स्वतःच्या नुकसानीवर आहे. तिऱ्हाईताच्या दाव्यांसाठी गृहविम्याच्या पॅकेजमध्ये जबाबदारीचा वेगळा विभाग घ्यावा लागतो. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याचा येथे संबंध नाही; भोपाळ दुर्घटनेनंतर आलेला तो कायदा घातक रसायने हाताळणाऱ्या उद्योगांसाठी आहे.

पॉलिसी घेताना सर्वांत बारकाईने वाचायची ती वगळलेल्या गोष्टींची यादी. हेतुपुरस्सर केलेले नुकसान, घरच्याच माणसांना झालेली इजा, वाहनाचा अपघात आणि घरातून चालणारा व्यवसाय सहसा त्यात असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, विमेदाराच्या ताब्यातली दुसऱ्याची मालमत्ताही अनेकदा वगळलेली असते, आणि भाड्याचे घर नेमके तसेच! शेजाऱ्याचे छत भरून मिळेल, पण मालकाची जळालेली स्वयंपाकघरातली कपाटे मिळणार नाहीत. म्हणून भाडेकरूच्या जबाबदारीचे संरक्षण स्पष्ट शब्दांत नोंदलेले हवे. जर्मनीत असा खासगी विमा सक्तीचा नसूनही बहुतेक कुटुंबांकडे असतो आणि त्यात भाड्याच्या खोल्यांचे नुकसान बहुधा धरलेले असते. तेथे शिकायला वा नोकरीला जाणाऱ्या मराठी तरुणांनी तो सुरुवातीलाच घ्यावा.

अपघात झालाच, तर फोटो काढून कंपनीला तातडीने कळवावे आणि आलेली नोटीस लगेच तिच्याकडे द्यावी. जखमीला मदत जरूर करावी. पण कंपनीच्या संमतीविना दोष लेखी कबूल केल्यास किंवा रकमेचे वचन दिल्यास दावा अडू शकतो.