शेजारी बसून शिकवणारा

आपल्या बेटावर दोन कुटुंबे लग्नात किंवा गणेशोत्सवात भेटली की मुलांची चौकशी होते, आणि त्या चौकशीत एक प्रश्न ठरलेला असतो: "लेसों कुठे घेतो?" मूल शिकवणीला जाते की नाही, हे कोणी विचारत नाही. ते धरूनच चाललेले असते. शाळा सुटली की तेच दप्तर पाठीवर घेऊन मुले कोणाच्या तरी गराजमध्ये किंवा माडीवरच्या खोलीत बाकांवर दाटीने बसतात आणि सकाळचाच धडा पुन्हा ऐकतात.

माध्यमिक शिक्षण १९७७ पासून मोफत झाले. २००५ पासून विद्यार्थ्यांना बसचे भाडेही द्यावे लागत नाही. पण शिकवणीचा खर्च मात्र घरोघर चालूच आहे. सी. पी. ई. परीक्षा १९८० पासून २०१६ पर्यंत चालली आणि २०१७ मध्ये तिच्या जागी पी. एस. ए. सी. आली. परीक्षेचे नाव बदलले, लेसों राहिले. खालच्या इयत्तांसाठी सरकारने त्यावर कायद्याने बंधन घातले, तरी आईबापांच्या मनातली धास्ती काही कायद्याने जात नाही.

शिक्षकांना नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. पुष्कळ शिक्षक दिवसभर राबून पुन्हा संध्याकाळी मनापासून शिकवतात. पण वाचकहो, या शिकवणीला आपण 'खासगी' म्हणतो त्याचा अर्थ तरी काय? पैसे खासगी जातात, एवढाच. मूल पुन्हा गर्दीतच बसलेले असते.

एकट्याला शिकवणे ही वेगळीच गोष्ट आहे. शिकागो विद्यापीठातील बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला, तो शिक्षणशास्त्रात फार गाजला. त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रयोगांत काही मुलांना सुमारे तीस जणांच्या वर्गात शिकवले आणि काहींना जवळ बसून एकेकट्याने. जवळ बसून शिकलेले मध्यम बुद्धीचे मूलसुद्धा वर्गातल्या शंभरापैकी अठ्ठ्याण्णव मुलांच्या पुढे गेले. पुढे इतका मोठा फरक कोणाला फारसा दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले. त्यांच्या हिशोबाने मधोमध असलेले मूल साधारण अठ्ठ्याहत्तराव्या जागेपर्यंत चढते. तेही काही थोडे नाही.

यात जादू कसली? बावन्नातून सत्तावीस वजा करायला सांगितले आणि मुलाने पस्तीस लिहिले. वर्गात त्यावर लाल फुली पडते आणि वही परत येते. शेजारी कोणी बसलेले असेल तर ते म्हणते, "कसे केलेस, मोठ्याने सांग." मूल सांगते, "सातातून दोन गेले, पाच उरले." चूक कुठे आहे ते अर्ध्या मिनिटात कळते. मुलाला वजाबाकी येते, फक्त वरच्या दोनातून खालचे सात जात नाहीत म्हणून त्याने अंकच उलटे धरले. दहा उसने घ्यायचे हे त्याला एकदा नीट दाखवले की झाले. अशी पन्नास गणिते फळ्यावर सोडवून दाखवली तरी ही गाठ सुटेलच असे नाही, कारण ती फळ्यावर नसते, मुलाच्या डोक्यात असते.

प्रत्येक मुलाला असा स्वतंत्र शिक्षक कोण देणार? येथेच मोठ्या मुलाने लहानाला शिकवण्याची जुनी रीत आठवते, आणि ती रीत आपल्याच बाजूची आहे. कोकणातून आपले पूर्वज इकडे आले त्या काळी तिकडे पंतोजींच्या शाळा असत. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, आणि पुढे गेलेल्या मुलाने मागच्यांकडून पाढे म्हणवून घ्यायचे.

दक्षिणेतील अशाच एका शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना अँड्रू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने पाहिली. मद्रासच्या एग्मोर भागात सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा त्याच्याकडे होती. आपल्या शाळेतील शिक्षक ही रीत घ्यायला तयार होईनात, तेव्हा त्याने जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला खालच्या वर्गाला मुळाक्षरे शिकवायला बसवले. त्याला ते जमले! बेलने १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापले. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर याने लंडनमध्ये शाळा काढून हीच पद्धत शेकडो मुलांवर चालवली. लंडन मिशनरी सोसायटीचे जाँ लेब्रँ १८१४ मध्ये आपल्या बेटावर आले आणि त्यांनी पोर्ट लुईत मोफत शाळा उघडली, ती याच धर्तीची. म्हणजे हिंदुस्थानातील वाळूची पाटी लंडनमार्गे येथे पोहोचली, तीसुद्धा आपले गिरमिटिये येण्याच्या वीस वर्षे आधी.

लँकेस्टरच्या शाळा पुढे मागे पडल्या. मोठ्या मुलाला शिक्षकाच्या जागी उभे करून स्वस्तात काम उरकायचे, हा त्यांतला दोष होता. कच्चा मुलगा दहा जणांपुढे ओरडून घोकंपट्टी करून घेई. जवळ बसणे राहिलेच नाही.

जवळ बसवले तर काय होते, याचा हिशोब पीटर कोहेन आणि कुलिक दांपत्याने १९८२ मध्ये मांडला. मुलांनी मुलांना किंवा इतर कोणी शिकवल्याचे ६५ प्रयोग त्यांनी पाहिले. शिकणाऱ्यांचे गुण ज्यांत मोजले होते अशा ५२ पैकी ४५ प्रयोगांत ती मुले पुढे गेली. शिकवणाऱ्यांचे गुण मोजले अशा ३८ पैकी ३३ प्रयोगांत शिकवणारेही पुढे गेले. आपल्या घरांत हा दुसरा आकडा कोणी लक्षात घेत नाही. थोरल्याला धाकट्याजवळ बसवले की आई म्हणते, "त्याचा अभ्यास बुडतो." बुडत नाही. अपूर्णांक समजावून सांगायचे तर ते आधी स्वतःच्या मनात मांडावे लागतात, आणि धाकट्याने "पण का?" विचारले की आपल्याला काय येत नाही तेही कळते. शिवाय दोन वर्षांपूर्वी स्वतः कुठे अडलो होतो हे त्याला अजून आठवत असते. मोठ्या विद्वानाला ते आठवत नाही.

वाचनासाठी एक सोपी रीत इंग्लंडमध्ये १९८० नंतर कीथ टॉपिंग यांनी पुष्कळ शाळांत रुजवली. पुस्तक लहान मुलाने स्वतः निवडायचे. दोघांनी शेजारी बसून एकाच वेळी मोठ्याने वाचायचे, मोठ्याने आपला वेग लहानाच्या वेगाशी जुळवायचा. लहानाला वाटले की आता एकट्याने जमेल, तर त्याने टेबलावर टिचकी मारायची, मग मोठा गप्प. चूक झाली तर चारपाच सेकंद थांबायचे. ती स्वतःहून सुधारली तर उत्तम. नाही तर शब्द सांगायचा, लहानाने तो म्हणायचा आणि पुन्हा दोघांनी मिळून पुढे जायचे. रागावणे नाही, "एवढे पण येत नाही?" नाही. मला यातले ते चारपाच सेकंद सर्वांत कठीण वाटतात. आपल्या लोकांना गप्प बसणे जमत नाही!

हे सारे गणित-इंग्रजीसाठी खरे आहे, पण आपल्या मराठीसाठी अधिक निकडीचे आहे. प्राथमिक शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. मूल क्रेओल बोलत वाढते, इंग्रजी-फ्रेंचच्या लेसोंला जाते आणि मराठीसाठी संध्याकाळी वेळ उरत नाही. पुष्कळ आईबापांना देवनागरी वाचताही येत नाही. अशा घरात 'घ' आणि 'ध' यांतला, 'भ' आणि 'म' यांतला फरक मुलाला दाखवणार कोण? वरच्या इयत्तेत मराठी घेतलेली चुलत बहीण दाखवील. कास्काव्हेल, वाक्वा, आंरिएता येथे आपली घरे एकमेकांना लागून आहेत. बस धरायची गरज नाही, कुंपणापलीकडून हाक मारायची. आठवड्यातून तीन संध्याकाळी वीस-वीस मिनिटे पुरतात. दोघांत दोन-तीन वर्षांचे अंतर असावे. शिकवणारीला अधूनमधून शिक्षकांनी किंवा मंडळीतील कोणी जाणत्याने पाहावे, म्हणजे चुकीचे शिकवले जाणार नाही.

आणि आजीला वगळू नका. तिला अक्षर येत नसेल, पण 'फळा' आणि 'फला' यांतला फरक तिच्या कानाला लगेच कळतो. आपल्या मुलांच्या जिभेला तो 'ळ' क्रेओलमध्ये कधी भेटतच नाही. मुलाने वाचावे, बहिणीने बोट ओळीवर ठेवावे, आजीने ऐकावे. या पानावरचाच एखादा मजकूर घेतला तरी चालेल. पहिल्या संध्याकाळी पाच ओळी पुष्कळ झाल्या.