विसराळू सर्व्हर आणि त्याची कुकी

वेबसाइट चालवणारा सर्व्हर मुळात कमालीचा विसराळू. तुम्ही एक पान मागता, तो पाठवतो आणि तुम्हाला विसरून जातो. नुसतं वाचायचं असेल तर हे चालतं. खरेदीत मात्र एक वस्तू टोपलीत टाकून दुसरी बघायला जावं, तर टोपली रिकामी!

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्याने यावर तोड काढली. सर्व्हरने उत्तरासोबत एक छोटी नोंद धाडायची, ब्राउझरने ती जपायची आणि त्याच साइटवर पुढचं काही मागताना परत दाखवायची. हीच कुकी. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणारा बिल्लाच हा: हातात फक्त आकडा, चपला स्टँडवाल्याकडे. लॉगिनच्या कुकीतही बहुधा एक लांबलचक क्रमांकच असतो, बाकीचा तपशील सर्व्हरकडे. म्हणूनच तो क्रमांक चोरणाऱ्याला पासवर्डची गरज उरत नाही.

कुकी म्हणजे व्हायरस नव्हे. तो साधा मजकूर. खरी खोड आहे ती त्रयस्थ कुकींची. बातमीच्या पानावरची जाहिरात अनेकदा दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते आणि स्वतःची कुकी ठेवून जाते. तीच कंपनी पाककृतींच्या साइटवर असते, बुटांच्याही. मग एकदा पाहिलेले बूट आठवडाभर पाठ सोडत नाहीत. सफारीने २०२० मध्ये अशा कुकी सरसकट अडवल्या. गूगलच्या क्रोमनेही तसं जाहीर केलं, मुदती पुढे ढकलल्या आणि अखेर बेत सोडला. गूगलची मुख्य कमाई जाहिरातींचीच, त्यामुळे नवल नाही. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्रयस्थ कुकी आपणच बंद कराव्यात. लॉगिन आणि टोपली सहसा शाबूत राहतात.