इतिहास मंडळे, गडकोट आणि वैद्य

जुन्या वैद्य घराण्यांच्या माळ्यावर एखादे बाड बहुधा निघतेच. काढ्यांचे पाठ, अनुपाने, मधूनच उधारीचा हिशेब, गुरांच्या रोगांवरील उपाय आणि कडेला कोणाच्या तरी जन्मवेळेची टिपणी असे त्याचे स्वरूप असते. लिपी पुष्कळदा मोडी. वाडा पाडावयाचा ठरला की हे बाड प्रथम रद्दीत जाते. ते वाचवू व वाचू शकणाऱ्या स्थानिक इतिहास मंडळांशी आपल्या व्यवसायाचा संबंध मात्र फारच तुटक राहिला आहे.

महाराष्ट्रात या कार्याची परंपरा मोठी आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. धुळ्याचे संशोधन मंडळ त्यांच्याच नावाने चालते. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे हे कोणी प्राध्यापक नव्हते. गावात सापडणारी मृण्मूर्ती, नाणी, मणी त्यांनी स्वतःच्या हौसेने जमविले. आज तेथील शासकीय संग्रहालयास त्यांचे नाव आहे.

मंडळातील अभ्यासक मोडी सफाईने वाचतात. परंतु वाचलेल्या शब्दाचे द्रव्य कोणते, हे सांगण्यास वैद्यच हवा. रास्नेचेच उदाहरण घ्यावे. उत्तरेत या नावाने एक वनस्पती चालते, दक्षिणेत कुलिंजनाची जात, तर बंगालमध्ये झाडावर वाढणारी वांदा. आपल्या तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी रास्ना म्हणून काय दिले जाई, याचा पुरावा निघंटूत मिळणार नाही. खरेदीच्या नोंदी असलेल्या बाडात तो मिळू शकेल.

औषधनिर्मात्यांसाठी वजनांचा प्रश्न याहून महत्त्वाचा. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा ठरविला. तत्पूर्वी प्रांतोप्रांती तोळा निराळा होता. जुन्या पाठातील तोळे आजच्या ग्रॅममध्ये सरळ बदलून भस्मयुक्त कल्प बनविणे धोक्याचे आहे. त्या पेठेत त्या काळी कोणते वजन चाले, हे सांगणारा मनुष्य आपणांस मंडळातच भेटण्याचा संभव अधिक.

हस्तलिखितांचे दैव विचित्र असते. १८९० साली बॉवर नावाचा ब्रिटिश अधिकारी एका खुनी इसमाच्या मागावर मध्य आशियातील कुचा येथे पोहोचला आणि तेथे त्याने भूर्जपत्रांची एक पोथी विकत घेतली. हर्न्ले यांनी ती वाचली, तेव्हा तीत लशुनाचे गुणवर्णन व 'नावनीतक' हा वैद्यकग्रंथ निघाला. आपल्या शास्त्राचा इतका प्राचीन लेखी पुरावा एका पोलिसी तपासातून हाती यावा, हे नवलच!

उत्खननांतही आपणांस रस वाटावा असे पुष्कळ आहे. घोडनदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात जळालेले धान्य मिळाले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांचे प्रमुख पीक यव होते. प्रमेहाच्या रुग्णास यवान्न सांगताना ही गोष्ट ठाऊक असणे आनंदाचे आहे.

गडभ्रमण करणाऱ्या मंडळींबरोबर जाण्याचा लाभ वेगळा. २०२५ साली युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. तेथे वनौषधी ओळखाव्यात, ओळखवून द्याव्यात. उपटू मात्र नयेत. नरक्याची सह्याद्रीत काय दशा झाली, हे आपण जाणतोच. खापराचा तुकडा वा नाणे दिसल्यास जागेसह छायाचित्र घेऊन वस्तू तेथेच ठेवावी आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे. परवान्याविना खोदणे हा अपराध आहे.

घरातील बाडाविषयी आणखी थोडे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शास्त्रीय वा ऐतिहासिक मूल्याचे ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावशेष ठरते. ते परदेशी धाडता येत नाही. केंद्र शासनाने २००३ साली हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय मिशन आरंभिले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांकरिता 'ज्ञानभारतम्' जाहीर केले. मालकी न सोडताही नुसती छायाचित्रे मंडळास देता येतात. चिकटपट्टी लावू नये, पाने प्लास्टिकमध्ये बंद करू नयेत. सुटी पाने ज्या क्रमाने सापडली त्याच क्रमाने ठेवावीत, आणि कोऱ्या पानांचीही छायाचित्रे घ्यावीत; पुष्कळदा शाई विटल्यामुळेच ती कोरी भासतात.