दाढ काढावी की राखावी?

दाढदुखीने रात्र जागून काढलेला मनुष्य सकाळी दंतवैद्याकडे जातो तो बहुधा एकच मागणी घेऊन : दाढ काढून टाका. ज्याने अशी रात्र काढली आहे तो त्याला दोष देणार नाही. तथापि काढलेली दाढ परत येत नाही, आणि पुष्कळ वेळा ती राखता आली असती.

नवी मुंबईत तरी साधनांची उणीव नाही. १९७० मध्ये स्थापन झालेल्या 'सिडको'ने ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसविले. आज नेरूळ, बेलापूर, खारघर व कामोठे येथे दंतमहाविद्यालये आहेत. तेथील बाह्यरुग्ण विभागांत अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार होतात आणि खर्चही खासगी दवाखान्यापेक्षा सामान्यतः कमी येतो. असे असूनही अनेक घरांत पहिला उपचार लवंगेच्या तेलाचा किंवा मिसरीचा असतो. लवंगेच्या तेलातील युजेनॉल ठणका तात्पुरता शमविते. दंतवैद्यही तात्पुरत्या भरणात त्याचा उपयोग करतात. मिसरी मात्र भाजलेली तंबाखूच होय. ती दात राखीत नाही, व्यसन लावते आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट करून देते.

'दाढेला कीड लागली' असे आपण म्हणतो. पण दाढेत किडा नसतो. तोंडातील जंतू गोड व पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, विरघळवीत जाते. एनॅमलला संवेदना नाही, म्हणून या अवस्थेत काहीच दुखत नाही. कीड आतल्या दंतिनाच्या थरात शिरली की गार पाण्याने कळ येऊ लागते. दंतिनाच्याही आत दंतगर असतो. रक्तवाहिन्या व मज्जातंतूंनी भरलेला हा मऊ भाग मुळातील बारीक नलिकांतून टोकापर्यंत गेलेला असतो.

शरीरात इतरत्र सूज आली तर तिला फुगावयास जागा मिळते. दंतगर मात्र चहूबाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला. त्याला सूज आली की दाब वाढतो आणि मज्जातंतू आवळले जातात. आडवे होताच डोक्याकडील रक्ताचा दाब किंचित वाढतो. म्हणूनच दिवसा सोसवणारी दाढ रात्री झोपू देत नाही.

उपचार कोणता हे ठरविताना दंतवैद्य दुखण्याचे स्वरूप बारकाईने विचारतात. गार पाण्याने आलेली कळ काही क्षणांत विरत असेल, तर दंतगर अद्याप सावरू शकतो आणि कीड काढून दाढ भरणे बहुधा पुरते. कळ बराच वेळ रेंगाळत असेल, गरम चहाने वाढत असेल, काही कारण नसताना रात्री जाग आणीत असेल, तर दंतगर पूर्ववत होण्यापलीकडे गेला असे समजावे. अशा वेळी रूट कॅनाल उपचार हवा.

खरी फसगत यापुढे होते. काही दिवसांनी ठणका आपोआप थांबतो आणि रोगी सुटकेचा श्वास टाकतो. वस्तुतः दंतगर मेलेला असतो. जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात, चावताना दाढ दुखू लागते, हिरडीवर पुवाची पुळी येते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या प्रतिजैविकांनी सूज ओसरली तरी मेलेल्या दंतगरापर्यंत औषध पोहोचत नाही, कारण तेथे रक्तपुरवठाच उरलेला नसतो. सूज डोळ्याकडे वा गळ्याकडे पसरणे, ताप, तोंड न उघडणे, गिळण्यास किंवा श्वासास त्रास होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

रूट कॅनालचे नाव ऐकूनच अनेकांना धडकी भरते. प्रत्यक्षात जागा बधिर करून दाढेला वरून छिद्र पाडतात, आतील सडका दंतगर बारीक कानशींनी काढतात, नलिका जंतुनाशक द्रवाने धुतात आणि गटापर्चा या झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या पदार्थाने त्या घट्ट भरतात. पुढच्या दाताला बहुधा एकच नलिका असते; दाढांना तीन, कधी चार. क्ष-किरण चित्राखेरीज हे काम करता येत नाही. नंतर दाढेवर टोपी बसविण्याचा खर्च काहीजण टाळतात. मग पोखरलेली दाढ सुपारी फोडताना दुभंगते आणि सारा उपचार वाया जातो.

प्रत्येक दाढ वाचतेच असेही नाही. मूळ उभे चिरले असेल, किंवा हिरडीच्या रोगाने दाढ खिळखिळी झाली असेल, तर ती काढणेच इष्ट. वरची दाढ काढल्याने दृष्टी जाते ही समजूत मात्र निराधार आहे.

शिक्षकांनी एका दाढेकडे विशेष लक्ष पुरवावे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे कायमची पहिली दाढ येते. कोणताही दात न पडता ती उगवते, त्यामुळे पालक तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी 'पडेल आपोआप' म्हणून सोडून देतात. तिचे मूळ पूर्ण घडण्यास उगवल्यापासून सुमारे तीन वर्षे लागतात. तोपर्यंत मुळाचे टोक उघडे असते आणि मोठ्या माणसासारखा रूट कॅनाल तेथे करता येत नाही. आतील जिवंत भाग वाचवून मूळ वाढू देण्याचे निराळे उपचार करावे लागतात, आणि ते साधण्यासाठी मूल ठणका थांबण्याआधी दंतवैद्यापुढे यावे लागते.