भुशात झाकलेला हिवाळा

बालमित्रांनो, पाऊस लांबला की शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो, हे तुम्ही पाहिलं असेल. पण बर्फ पडावा म्हणून आभाळाकडे बघत बसणारी माणसंही असतात बरं का! ती म्हणजे बर्फावरचे खेळाडू.

स्वित्झर्लंडमध्ये दावोस नावाचं गाव आहे. उंची सुमारे १५६० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडीशीच कमी. दारिओ कोलोन्या हा नामवंत खेळाडू इथेच सराव करायचा. त्याचा खेळ क्रॉस-कंट्री स्कीइंग. पायांत लांब, अरुंद पट्ट्या, हातांत दोन काठ्या आणि चढ-उतार सगळे स्वतःच्या दमावर पार करायचे!

मोठ्या शर्यती नोव्हेंबरअखेर सुरू होतात. सराव हवा त्याच्या आधी. पण ऑक्टोबरात कुरणं अजून हिरवीगार! मग करायचं काय?

पहिला उपाय चाकांचा. आखूड पट्टीला चाकं लावून खेळाडू डांबरी रस्त्यावर पळतात. याला रोलर-स्की म्हणतात. दम वाढतो, हात-पाय तयार होतात. पण बर्फ कधी भुसभुशीत, कधी काचेसारखा गुळगुळीत. त्यावर तोल कसा सांभाळायचा, हे डांबर कसं शिकवणार? शिवाय पडलं तर गुडघे सोलून निघतात!

दुसरा उपाय ऐकून तुम्हाला बर्फाच्या गोळेवाल्याची आठवण होईल. लादी वितळू नये म्हणून ती भुशात ठेवतात ना? दावोसकर २००८ पासून तेच करतात. ऐन थंडीत यंत्रानं बर्फ तयार करायचा, त्याचा डोंगर रचायचा आणि वर सुमारे ४० सेंटिमीटर लाकडाचा भुसा पसरायचा. हा साठा असतो जवळजवळ २०,००० घनमीटर! भुसा बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही. त्यातलं पाणी हळूहळू वाफ होऊन उडतं आणि गारवा टिकतो. आपला माठ असाच गार होतो, नाही का? उन्हाळा संपला तरी चार घमेल्यांतलं तीन घमेली बर्फ शिल्लक! ऑक्टोबरअखेर तो अंथरला, की सुमारे ४ किलोमीटरची वाट तयार.

सरावात खंड पडला की काय होतं, हे कोलोन्याला चांगलंच ठाऊक होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच्या घोट्याचे स्नायुबंध फाटले. शस्त्रक्रिया करावी लागली आणि ऐन मोसमात तो घरी बसला. तरी हिंमत हरला नाही. फेब्रुवारी २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये त्यानं दोन सुवर्णपदकं जिंकली!

पण मुलांनो, भुसा बर्फ वाचवतो. थंडी नाही बनवत. यंत्राला बर्फ करायलाही थंडी लागतेच, आणि पृथ्वी तर तापत चालली आहे. आपल्या काश्मीरमध्येही हे घडलं. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार कोरडे पडले होते. २०२५ मध्ये तिथले खेलो इंडियाचे हिवाळी सामने बर्फाअभावी पुढे ढकलावे लागले. वर्षभर घाम गाळलेल्या मुलांना किती वाईट वाटलं असेल!

आता एक प्रयोग करा. बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक उघडा ठेवा, दुसरा सुताराकडच्या भुशात पुरा. अर्ध्या तासानं बघा, आणि काय दिसलं ते वर्गात नक्की सांगा!