डेबियन सिड बसवायचं आहे? आधी ‘कुठे’ ते ठरवा

संशोधनात कधी ना कधी ही वेळ येतेच : हवं ते सॉफ्टवेअर आपल्या लिनक्सवर आहे, पण जुनं आहे. जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 मध्ये पायथन 3.11 आणि जीसीसी 12 होतं. ऑगस्ट 2025 मध्ये डेबियन 13 आलं, तेव्हा पायथन 3.13 आणि जीसीसी 14 मिळालं. मधली दोन वर्षं काय करायचं? मग लॅबमधलं कोणीतरी सांगतं, “सिड टाक की!” सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. सिड कसं टाकायचं हे सोपं असतं. ते कुठे टाकायचं, यावर तुमच्या थीसिसमधले आकडे पुन्हा काढता येतील की नाही हे ठरतं.

आधी नावं समजून घेऊ. डेबियनच्या मुख्य शाखा तीन : स्टेबल, टेस्टिंग आणि अनस्टेबल. अनस्टेबलचं कायमचं नाव सिड. ‘टॉय स्टोरी’मधला खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा तो हाच. नवं पॅकेज आधी सिडमध्ये येतं. तिथे साधारण 2 ते 10 दिवस राहून नवा गंभीर बग निघाला नाही, आणि ज्या पॅकेजांवर ते अवलंबून आहे तीही जुळली, तर ते टेस्टिंगमध्ये जातं. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवतात, बग काढतात आणि तीच पुढची स्टेबल होते. म्हणजे अनस्टेबलचा अर्थ ‘सारखं बंद पडणारं’ असा नाही, ‘सारखं बदलणारं’ असा आहे. आपल्याला नडतं ते हे बदलणंच.

आता बसवण्याचे मार्ग, कमी धोक्याकडून जास्त धोक्याकडे.

1. बॅकपोर्ट्स : एक-दोनच पॅकेजं नवी हवी असतील, तर आधी इथे बघा. टेस्टिंगमधली काही पॅकेजं स्टेबलसाठी पुन्हा बांधून दिलेली असतात. मिळालं तर सिडची गरजच संपली.

2. कंटेनर किंवा क्रूट : डॉकरवर डेबियनची सिड आणि टेस्टिंग अशा दोन्ही प्रतिमा तयार मिळतात. डॉकर नको असेल तर ‘डीबूटस्ट्रॅप’ ही कमांड एका फोल्डरमध्येच आख्खं सिड उभं करते. मोडलं तर फोल्डर पुसायचा, बाकी मशीनला धक्का नाही. मात्र कर्नल तुमच्या मूळ सिस्टिमचाच राहतो.

3. व्हर्च्युअल मशीन : कर्नलही नवा हवा असेल तर हा मार्ग. टेस्टिंगच्या इन्स्टॉलरच्या रोज बनणाऱ्या प्रती मिळतात, त्या इथे वापरून बघा. पण प्रोग्रॅमला लागणारा वेळ मोजायचा असेल, तर व्हीएममधले आकडे थेट पेपरमध्ये घालू नका.

4. थेट डिस्कवर : नेहमीचा रस्ता असा की आधी कमीत कमी पॅकेजांची स्टेबल बसवायची, पॅकेजांचे पत्ते असलेल्या फाइलमध्ये शाखेचं नाव बदलायचं, मग ‘एपीटी अपडेट’ आणि ‘एपीटी फुल-अपग्रेड’. हे वेगळ्या डिस्कवर किंवा जुन्या लॅपटॉपवर करा. ‘एपीटी-लिस्टबग्ज’ बसवलं तर ते अपग्रेडच्या आधीच गंभीर बगांची सूचना देतं.

चौथ्या मार्गावर तीन खड्डे आहेत. पहिला : परतीचा रस्ता नाही. सिडवरून स्टेबलवर उतरण्याची सोय डेबियन देत नाही, पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं. दुसरा : पत्त्यात ‘टेस्टिंग’ लिहिलं, तर नवी स्टेबल जाहीर झाल्यावरही तुम्ही पुढच्या टेस्टिंगवर सरकत राहता. सांकेतिक नाव लिहिलं, तर त्याच आवृत्तीसोबत स्टेबलवर थांबता. 9 ऑगस्ट 2025 ला ‘ट्रिक्सी’ लिहिलेली मशीनं स्टेबल झाली, ‘टेस्टिंग’ लिहिलेली ‘फोर्की’कडे निघाली. तिसरा : स्टेबलवर राहून मधूनच सिडची चार पॅकेजं ओढून घेणं. या भेसळीला डेबियनवाले ‘फ्रँकेनडेबियन’ म्हणतात, यावरून काय ते समजा.

आता मुख्य मुद्दा. पेपर पाठवला, आठ महिन्यांनी समीक्षकाने विचारलं, “हा तक्ता पुन्हा काढून दाखवा.” तुमचा कोड तोच आहे, पण मधल्या काळात सिडमधल्या गणिती लायब्रऱ्या बदलल्या. बेरजेचा क्रम बदलला तरी दशांशातले शेवटचे अंक हलू शकतात, आणि पुनरावृत्तीवर चालणाऱ्या पद्धतींत तो फरक वाढतही जातो. कोणता आकडा खरा, याचं उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

यावर डेबियनकडेच इलाज आहे. ‘स्नॅपशॉट’ नावाच्या संग्रहात 2005 पासूनची पॅकेजं तारखेनुसार ठेवलेली आहेत. कंटेनर बांधताना नेहमीच्या पत्त्याऐवजी तिथला ठरावीक तारखेचा पत्ता द्या. म्हणजे ‘सिड’ असं मोघम न राहता ‘अमुक तारखेचं सिड’ होतं, आणि ते पुन्हा उभारता येतं. जुन्या तारखेची यादी मुदत संपली म्हणून एपीटी नाकारतं, तेव्हा त्या पत्त्यापुरती मुदतीची तपासणी बंद करावी लागते.

तेव्हा साधा नियम : रोजच्या मशीनवर स्टेबल, प्रयोगासाठी कंटेनरमध्ये सिड, आणि निकालाच्या फोल्डरमध्ये दोन गोष्टी, स्नॅपशॉटची तारीख आणि पॅकेजांची आवृत्तीसह यादी. दोन मिनिटांचं काम आहे. पहिला निकाल काढायच्या आधीच करून टाका.