आपत्ती : पडद्यावरची आणि आपल्या दारातली

नंदाखालला बसून आपत्तीवर बोलायचं तर फार लांब जावं लागत नाही. जुलै २०१८ चा पाऊस आठवा. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वसईच्या मिठागरातल्या वस्तीला पाण्याने वेढलं. आज कॉलेजात असलेली मुलं तेव्हा शाळेत होती. तरीही आपत्ती व्यवस्थापन त्यांना परीक्षेपुरतंच वाटतं. व्याख्या पाठ केली, पेपर लिहिला, विषय संपला. मात्र हीच मुलं मोबाईलवर तासन्‌तास सिनेमे आणि रील्स बघतात. मग शिकवायला तेच साधन का वापरू नये?

चित्र बघून जीव वाचतो का? वाचतो. २६ डिसेंबर २००४ ला टिली स्मिथ ही १० वर्षांची इंग्रज मुलगी थायलंडमध्ये फुकेतच्या किनाऱ्यावर होती. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला त्सुनामी शिकवताना वर्गात त्याची फिल्म दाखवली होती. समुद्राला विचित्र फेस येतोय हे बघून तिने आईवडिलांना सावध केलं, किनारा रिकामा झाला आणि सुमारे १०० माणसं वाचली.

पण तिथे फिल्मबरोबर शिक्षकही होते, हे विसरू नका. नुसता सिनेमा चुकीचंही शिकवतो. ‘सॅन अँड्रियास’ (२०१५) मध्ये जमीन दुभंगते आणि नायक हेलिकॉप्टर घेऊन स्वतःच्या कुटुंबाला शोधत निघतो. प्रत्यक्षात भूकंपात बहुतेक माणसं घर अंगावर कोसळून मरतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंतींनीच घात केला. आपल्याच जिल्ह्यात डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून धक्के बसत आलेत. तिथल्या मुलांना हेलिकॉप्टर काय कामाचं? त्यांनी घराची भिंत तपासायला शिकलं पाहिजे. याउलट ‘२०१८’ हा केरळच्या पुरावरचा मल्याळम सिनेमा बघा. त्यात एक नायक नाही, गावंच्या गावं आहेत. त्या पुरात कोळी बांधवांनी होड्या ट्रकवर चढवून माणसं काढायला नेल्या होत्या. आपल्या अर्नाळ्यातही होड्या आहेत. वेळ आली तर त्या कोण बोलावणार, कुठे नेणार?

म्हणून सिनेमा संपल्यावर वर्गात तीन प्रश्न विचारावेत. धोका कोणता होता? त्याची आपत्ती कशामुळे झाली? आणि आपल्याकडे तसं काय आहे? ‘तुम मिले’ (२००९) मध्ये २६ जुलै २००५ चा मुंबईतला पूर आहे. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाऊस हा धोका. मिठी नदीचं पात्र आवळलं गेलं होतं, म्हणून त्याची आपत्ती झाली. आता आपली बावखलं बघा. पावसाचं पाणी साठवणारी ही तळी माती टाकून बुजवली, तर ते पाणी जाणार कुठे? आपल्याच ओटीवर.

समाजमाध्यमांचं काय? तिथे अफवा हीच एक आपत्ती असते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने मारलं. एप्रिल २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात अशाच अफवांच्या दिवसांत तिघांचा बळी गेला. तेव्हा मुलांना एक सवय लावायची : मेसेज पुढे ढकलण्याआधी थांबायचं. कोणी पाठवला? कधीचा? फोटो कुठला? हवामान खातं किंवा जिल्हाधिकारी कार्यालय तेच सांगतंय का? मदत मागायची तर जागा, वेळ, माणसं किती, हे नेमकं लिहायचं. सुटका झाली की तेही कळवायचं, नाहीतर होडी रिकाम्या घराकडे जाते आणि दुसरा कोणी अडकून राहतो.

आणि शेवटी मुलांच्याच हातात कॅमेरा द्यावा. आपल्या आळीत २०१८ ला पाणी कुठवर आलं, कुठलं बावखल होतं, कुठलं उरलं, हे आजी-आजोबांना विचारून तीन मिनिटांची फिल्म करायची आणि पावसाळ्याआधी गावाला दाखवायची. परीक्षेला मार्क मिळतील न मिळतील, पण पाणी चढायला लागलं की कुठल्या रस्त्याने जायचं, हे त्या मुलांना आणि गावालाही ठाऊक असेल.